धुतलेल्या पन्न्या

पौर्णिमा आणि उज्वला एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन त्या गावात आल्या. गाव वर्धा जिल्ह्यात, रोहण्याच्या पलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. बौद्ध वस्ती नाल्याच्या अंगाला, विहाराभोवती, आणि दोघींची घरं एकाच बोळात, समोरासमोर. उज्वला पुलगावची, दहावी झालेली, चारचौघांत न अडखळता बोलणारी. पौर्णिमा खेड्यातली, चौथीत शाळा सुटलेली. हाताने चपळ आणि तोंडाने मुकी. उज्वलाने बोलायचं आणि पौर्णिमाने करायचं, हे त्यांचं पहिल्यापासून जमून गेलं. मुलाच्या, आदेशच्या वेळी पौर्णिमा बाळंतपणात अडली तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन बैलगाडीतून आर्वीच्या दवाखान्यापर्यंत गेली ती उज्वलाच. पौर्णिमाची सासू अनुसयाबाई तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माह्या सुनेले बहीण नाई, पण उज्वला हाये."

पुढे जे झालं ते कोण्या परक्याने केलं असतं, तर पौर्णिमाने दोन शिव्या हासडून ते सोडून दिलं असतं.

सुरुवात झाली चुलीपासून. पौर्णिमाच्या, म्हणजे थूलांच्या घरी गॅस होता, पण तो चहापुरता आणि पाहुण्यापुरता. आंघोळीचं पाणी, भाकरी, ढोरांचं आंबोण, सगळं अंगणातल्या चुलीवर. रेशनचं घासलेट बंद झालं आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या लवकर पेट घेईनात, तेव्हा पौर्णिमाने गावातल्या सगळ्या बायांनी काढली तीच युक्ती काढली. चुलीत पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी खोचायची आणि काडी लावायची. दुधाची पन्नी, तेलाची पन्नी, बिस्किटाचा कागद, शाम्पूच्या पुड्या. निळसर जाळ व्हायचा, डोळे चुरचुरायचे, पण चूल पेटायची. घरातला कचराही आपोआप संपायचा. यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं.

मग अनुसयाबाईंना दम लागू लागला. म्हातारीची खाट पडवीत, चुलीपासून हाकेच्या अंतरावर. पौर्णिमाचा नवरा श्रावण आईला वर्ध्याला घेऊन गेला, सोबत पौर्णिमा गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, औषध लिहून दिलं आणि सहज विचारलं, "चुलीत काय जाळता?" पौर्णिमाने जे होतं ते सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तो धूर आधी तुम्ही घेता, मग उरलेला या घेतात."

परतीच्या बसमध्ये पौर्णिमा खिडकीला डोकं टेकून बसली होती. मध्येच ती श्रावणला म्हणाली, "आपल्या घरी आता पन्नी जळन नाई."

"मंग टाकशीन कुठी?"

"पहिले आणूच नाई ना."

बोलणं सोपं होतं. बाजाराला जाताना जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून नेणं जमलं. गवळ्याकडून डब्यात दूध घेणं जमलं. तेलाला कॅन झाली. श्रावण वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बाजारात बसायचा, गिऱ्हाईक पन्नी मागायचं, तो म्हणायचा, "थैली आणा बापा, नाई तं पदरात घ्या." काही गिऱ्हाइकं तुटली, काही थैली घेऊन यायला लागली. तरी घरात पन्नी यायचीच. मिठाची, साखरेची, औषधाची, पोरांच्या चिप्सची. ती जाळायची नाही आणि नाल्यात फेकायची नाही, तर करायचं काय? पौर्णिमाने ती धुऊन तुरीच्या कुंपणावर वाळत घालायला सुरुवात केली. गाव हसायचं. लोक पापड-कुरड्या वाळत घालतात, थूलाईच्या घरी पन्न्यांचं वाळवण, असं शेजारची मंदाबाई बोळात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाली होती.

उज्वला हसली नाही. ती बचत गटाची अध्यक्ष होती. तिने कुंपणाजवळ उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पौर्णिमा, हे एकट्या तुह्या घरचं काम नाई. साऱ्या वस्तीचं करू."

काही दिवसांत ती बातमी घेऊन आली. नागपूरची एक कंपनी आहे, पन्न्या नेते, वितळवून त्याचे बेंच बनवते, बागेत बसायचे. फक्त माल धुतलेला आणि वाळलेला पाहिजे. पहिली गाडी आली तेव्हा अख्खी वस्ती रस्त्यावर उभी राहिली. पुढे उज्वलाने मोबाईलवर एक फोटो दाखवला. हिरवागार बेंच, मागे गुलाबाचे ताटवे. "पाय," ती म्हणाली, "हा आपल्या पन्न्याचा."

पौर्णिमाने तो फोटो पुन्हा मागून घेऊन पाहिला. बेंचच्या फळीवर कुठे लाल, कुठे पांढरे ठिपके होते. तिला वाटलं, हा लाल आपल्याच घरच्या बिस्किटाचा असेल.

त्यानंतर तिला दुसरं सुचेना. बोलायला न येणारी पौर्णिमा घरोघरी जाऊन बोलायला लागली. धुवायचं कसं, वाळवायचं कसं, तेलकट पन्नी राखेने कशी घासायची, ते तिने बायांना अंगणात बसून करून दाखवलं. माल भरायला पुन्हा प्लास्टिकचंच पोतं नको, म्हणून आपल्या जुन्या साड्या फाडून चौकोन केले. घरोघरचा माल त्यात बांधून महिन्याच्या महिन्याला उज्वलाच्या ओसरीत पोचवायचा. पुढचं उज्वला पाहायची. हळूहळू वस्तीतल्या चुलींतून पन्नीचा वास गेला. नाली तुंबायची थांबली. वर्ध्याला कुठल्याशा कार्यक्रमात गटाचा सत्कार झाला, उज्वलाने माइकवर बेंचची गोष्ट सांगितली, आणि परत आल्यावर शाल पौर्णिमाच्या खांद्यावर टाकून म्हणाली, "ही तुही हाये." पौर्णिमा दोन दिवस ती शाल घडी घालून उशाशी ठेवून झोपली.

या कामापायी पौर्णिमाने जे सोसलं ते मात्र तिचं तिलाच माहीत. आदेशचं लग्न ठरलं, विहारात मंगल परिणय. श्रावणचे मोठे भाऊ प्रभाकरराव हिंगणघाटला राहायचे. त्यांनी हौसेने पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणि प्लास्टिकचे ग्लास गाडीभर आणले. पौर्णिमाने ते मांडवात उतरवू दिले नाहीत. विहारातले स्टीलचे पेले आणि घरोघरचे लोटे गोळा करून तिने माठ भरून ठेवले होते.

"भाऊजी, मी साऱ्या गावाले सांगत फिरतो, आन माह्याच घरी..." ती हात जोडून म्हणाली.

"म्हणजे मी कचरा आणला का तुमच्या घरी?" प्रभाकरराव म्हणाले. ते मुलाच्या डोक्यावर फुलं टाकून न जेवता निघून गेले. श्रावण फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेला आणि एकटाच परत आला. पंक्तीत तो वाढत राहिला; स्वतः मात्र त्या दिवशी जेवला नाही. त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं थांबलं.

नवी सून शालू घरात आली, आणि तिच्या वाट्याला पन्न्या धुणं आलं. हिवाळ्यात पाणी हाडापर्यंत थंड. शालूच्या माहेरी असलं काही नव्हतं. एकदा तिने आदेशजवळ कुरकुर केली की लग्न करून आली ती कचरा धुवायलाच का. पौर्णिमाने ते ऐकलं आणि तिला फार लागलं. ती म्हणाली, "कचरा नोय बाई, त्याचं बसायचं बाकडं होते. कोणी थकलं-भागलं मानूस बसते त्याच्यावर." शालूने मान खाली घालून पन्नी पिळली. ती प्रत्येक दुधाची पन्नी तिकोनी घडी घालून ठेवायची, तिचीच ती सवय. सासूला त्या घड्या आवडायच्या, पण तिने कधी तसं म्हटलं नाही.

दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. एका वर्षी पौर्णिमाने उज्वलाला धरलं, "चाल ना वो, आपला बेंच पाहून येऊ. एकदा बसून पाहीन मी त्याच्यावर."

"एवढ्या गर्दीत कुठी जातं? ती बाग आज बंद राह्यते."

पुढच्या वर्षी पौर्णिमाने पुन्हा विचारलं. उज्वला म्हणाली, बेंच दुसरीकडे हलवले. पौर्णिमाला हळहळ वाटली, संशय आला नाही. तिने आदेशला सोबत घेऊन शहरातल्या एकदोन बागा पालथ्या घातल्या. एका ठिकाणी हिरवं बाकडं दिसलं, ती जाऊन बसली, हात फिरवून पाहिलं, तर ते लोखंडी निघालं. आदेश हसला, तीही हसली.

इकडे अनुसयाबाईंचा दम काही थांबत नव्हता. घरचा धूर बंद झाल्यावर म्हातारी बरी होती, पण हिवाळा लागला की पुन्हा छाती भरायची. नाल्याच्या पलीकडे वीटभट्टी लागली होती. वारं तिकडून सुटलं की धुराचा एक उग्र, ओळखीचा वास यायचा आणि म्हातारी खोकून खोकून पांढरी पडायची. पौर्णिमा पडवीला पोतं बांधायची आणि भट्टीवाल्याच्या नावाने बोटं मोडायची. "काय जाळते मेला कोण जाणे," असं ती समोरच्या उज्वलालाही म्हणायची. उज्वला म्हणायची, "हाव ना वो."

त्या माघात आदेशने नवी न्हाणी बांधायचं काढलं. विटा पसंत करायला श्रावण आणि पौर्णिमा बैलगाडी घेऊन त्याच भट्टीवर गेले. भट्टीवाला सचिन, बोलायला गोड, वीट हातावर ठोकून आवाज ऐकवत होता. श्रावण भाव करत होता. पौर्णिमा सहज भट्टीच्या तोंडाकडे गेली. तिथे जळणाचा ढीग होता. लाकूड, भुसा, आणि बाजूला रचलेली गाठोडी.

एका गाठोड्याला जांभळा काठ होता.

ती साडी तिने आदेशच्या बारशाला नेसली होती. फाडताना जीव झाला नव्हता, म्हणून काठ तेवढा राखून चौकोन केले होते. पौर्णिमाने खाली बसून गाठ सोडली. आत दुधाच्या पन्न्या होत्या, तिकोनी घड्या घातलेल्या.

"भाऊ, हे कुठून आलं?" तिने विचारलं. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"तुमच्याच गावचं, माय," सचिन लांबूनच म्हणाला. "उज्वलाताई पाठवते. लय मस्त माल राह्यते तुमचा. बाकी गावचा ओला, चिखलाचा, पेटतच नाई. तुमचा धुतलेला, वाळलेला. काडी लावली का धडधड पेटते."

तो कौतुकच करत होता. पौर्णिमाने विचारलं, "कधीपासून?"

"मांगच्याच्या मांगच्या हंगामापासून. काऊन? तुमाले नाई माहीत?"

श्रावण विटा तशाच ठेवून जवळ आला. त्याने गाठोड्याकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. पौर्णिमा उठून एकेक गाठोडं गाडीत टाकायला लागली. सचिन गोंधळला, "ने ना माय, तुमचंच हाये," म्हणाला. विटा न घेताच गाडी परत फिरली. वाटेत पौर्णिमा रडली नाही. ती फक्त एकसारखं म्हणत होती, "पेटवाले. आपण पेटवाले धुवून देत होतो."

उज्वला ओसरीत बसून तूर पाखडत होती. पौर्णिमाने जांभळ्या काठाचा चौकोन तिच्या सुपात टाकला.

उज्वलाचा हात थांबला. तिने बोळात इकडेतिकडे पाहिलं. "आत ये."

"नाई. इथंच सांग."

"कंपनीची गाडी चार-पाच खेपा आली," उज्वला हळू आवाजात म्हणाली. "मंग येईच ना. फोन उचलत नव्हते. मी नागपूरले जाऊन आली, तं फाटकाले कुलूप."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू त्याच दिवशी साऱ्या घराईत जाऊन सांगतलं असतं. मले काय माहीत नाई तू? बंद पडलं असतं सारं. बाया किती मन लावून करत होत्या, पौर्णिमा! ओसरीत माल साचत चालला. मी कुठी ठेवू? भट्टीवाला म्हणे मले द्या. मी एक छदाम घेतला नाई त्याच्याकून, बाबासाहेबाची आन." ती आता जरा सावरली होती. "आन वस्तीत पन्नी कमी झाली का नाई? नाली साफ झाली का नाई? ते तं खरं हाये ना?"

"बेंच?"

उज्वलाने सुपातला चौकोन उचलून बाजूला ठेवला.

"तो फोटोतला बेंच कोणाचा होता, उज्वला?"

"मोबाईलवर भेटला होता."

पौर्णिमाला त्या क्षणी भट्टीपेक्षा ते जास्त लागलं. त्या लाल ठिपक्यांकडे बघत तिने किती वेळ घालवला होता. ती बागांमधून फिरली होती, लोखंडी बाकड्यावर हात फिरवत. आणि ही, सगळं ठाऊक असून, "ती बाग आज बंद राह्यते" म्हणाली होती. नुसतं "नको जाऊ" म्हणाली असती तरी चाललं असतं.

"माही आत्याबाई तो धूर खाऊन राह्यली तीन हिवाळे," ती म्हणाली. "मी तुह्यासमोर भट्टीवाल्याले शिव्या देत होती. तू हाव हाव म्हणत होती."

उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पौर्णिमाचा हात धरला. "चुकलं माह्यं. रविवारी विहारात मीटिंग हाये, मीच सांगीन साऱ्याइले. तवरक कोणाजवळ बोलू नको. एवढं ऐक माह्यं. बहीण म्हून ऐक."

पौर्णिमाने ऐकलं. इतक्या वर्षांची सवय होती ती. मधल्या दिवसांत तिने कोणाजवळ चकार शब्द काढला नाही, आणि उज्वला त्या दिवसांत घरोघरी चहा पिऊन आली हे तिच्या लक्षातही आलं नाही. पौर्णिमा घरी बसून एवढंच मनाशी घोकत होती की उज्वलाने एकदा खरं सांगितलं की बाया रागावतील, पण मग आपण दोघी मिळून दुसरा काही मार्ग काढू.

रविवारी विहार भरला होता. त्रिसरण-पंचशील झालं. उज्वला उभी राहिली, पांढऱ्या साडीचा पदर सारखा केला आणि बोलायला लागली. कंपनीने कसं फसवलं, कुलूप कसं दिसलं, सगळं तिने नीट सांगितलं. पौर्णिमा समोर बसून मान हलवत होती. मग उज्वला म्हणाली, "तवा मी आन पौर्णिमानं विचार केला, का तुमचं मन मोडू नये. म्हून आमी दोघींनी मिळून ठरवलं का माल भट्टीवर द्यायचा. चूक आमची हाये. आमी दोघीबी तुमची माफी मांगतो."

आणि तिने वाकून पौर्णिमाचा हात धरला, तिला उठवून आपल्याशेजारी उभं केलं, आणि तो हात धरूनच सगळ्यांना नमस्कार केला.

पौर्णिमाचं तोंड उघडलं. शब्द येईना. उज्वलाचा हात गरम होता आणि घट्ट होता. ती तिच्या डोळ्यांत बघायला गेली, पण उज्वला समोर बघत होती.

"म्हून तं," मागून कांताबाई म्हणाली, "पौर्णिमाच्याच साडीचे गाठोडे होते म्हणे तिथं. साऱ्या गावानं पायले ना ते गाडीवर."

"घरी येऊन आमाले शिकवत होती," मंदाबाई उठली. "राखीनं घासा, उन्हात वाळवा. माह्या नातीचे हात फुटले होते थंडीनं. आन हिले सारं माहीत!"

"मले नव्हतं माहीत," पौर्णिमा शेवटी म्हणाली. पण ते इतकं हळू निघालं की पुढच्या दोन रांगांपलीकडे गेलं नाही. ज्यांना ऐकू आलं त्यांनीही एकमेकींकडे पाहिलं. या दोघींचं एकमेकींना माहीत नसलेलं काही असतं, हे वस्तीत कोणाला पटणारं नव्हतं. इतक्या वर्षांची मैत्रीच तिच्या अंगावर आली.

तेवढ्यात भिंतीजवळ बसलेली शालू उभी राहिली. सभेत कधी न बोललेली पोरगी.

"माह्या सासूले माहीत असतं," ती म्हणाली, "तं तिनं मले त्या थंडीत धुवायले बसवलं असतं का? म्हातारीले धूर लागते म्हून तिनं आमच्या चुलीतली पन्नी बंद केली. तिनंच भट्टीले जळण देल्लं असतं का? मले तिचा राग येते कधी कधी, सांगतो मी. पण ती खोटी नाई."

उज्वलाने पौर्णिमाचा हात सोडला आणि म्हणाली, "सून हाये, सासूची बाजू घेणारच." ते ती समजुतीच्या सुरात म्हणाली, आणि बऱ्याच बायांना ते पटलं.

दोघी सासूसुना घरी आल्या. पौर्णिमा अनुसयाबाईंच्या खाटेजवळ बसली आणि तिने म्हातारीला सगळं सांगितलं, भट्टीपासून विहारापर्यंत.

"म्हणजे तो धूर आपल्याच घरचा होता म्हणा," म्हातारी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. हिंगणघाटहून प्रभाकररावांचा फोन आला. एवढ्या दिवसांनी भावाचा फोन म्हणून श्रावण लगबगीने उठला. पलीकडून हसत आवाज आला, "काय रे, कुठी गेला तुमचा बेंच? आमच्या बाटल्या बऱ्या होत्या म्हणा!" श्रावणने फोन ठेवून दिला. तो अंगणात येऊन बसला. पौर्णिमाला वाटलं, आता हा बोलेल, आणि बोलावंच याने.

"त्या दिवशी भावाले उपाशी जाऊ देल्लं आपण," श्रावण म्हणाला.

आपण म्हणाला तो, तू म्हणाला नाही. पौर्णिमा भट्टीवर रडली नव्हती, विहारात रडली नव्हती. ती तेव्हा रडली.

वस्तीत पुन्हा पन्न्या जळायला लागल्या. आधी एका घरात, मग तिघांकडे, मग कोणी लपवायचंही सोडून दिलं. मंदाबाईंच्या चुलीचा वास सकाळी बोळात भरायचा. पौर्णिमाने कोणाच्या अंगणात पाय ठेवला नाही. गटाच्या मीटिंगला जाणं तिने बंद केलं. बाजारात श्रावण अजून "थैली आणा" म्हणायचा, तेव्हा गिऱ्हाईक डोळे मिचकावायचं, "काऊन, भट्टीले द्याची हाये का?"

घरी मात्र ती मागे फिरली नाही. चूल पन्नीने पेटली नाही. फरक एवढाच झाला की धुण्याचा सोहळा संपला आणि आणण्याची कटकट वाढली. मीठ सुटं मिळतं का ते ती चार दुकानं पालथी घालून पाहायची. शाम्पूच्या पुड्या बंद करून तिने शिकेकाई आणली. शालूने तोंड वाकडं केलं आणि आठवडाभराने तीच वापरायला लागली. दुकानदार बिस्किटाचा पुडा पुढे करायचा, ती म्हणायची, "खारी दे, डब्यात." पूर्वी ती हे बोलताना दुकानातल्या दुसऱ्या बाईकडे बघायची, तिलाही कळावं म्हणून. आता ती कोणाकडे बघत नव्हती.

भट्टीवरून परत आणलेली गाठोडी गोठ्यात पत्र्याखाली पडून होती. आदेशने आर्वीत चौकशी केली, वर्ध्याला केली. एक जण घ्यायला तयारही झाला, गाडी पाठवतो म्हणाला. पौर्णिमाने त्याच्याशी फोनवर स्वतः बोलायचं ठरवलं.

"तुमी नेसान. मंग कुठी जाते ते?"

"आमच्या गोदामात, ताई."

"आन तिथून?"

"तिथून पुढं मोठ्या पार्टीकडे जाते."

"ते काय करते त्याचं?"

तो माणूस म्हणाला, "ते त्याइले माहीत, ताई. आपण आपलं काम करायचं."

तिने गाडी बोलावली नाही. आदेश वैतागला. किती दिवस ठेवणार, उंदीर होतील, म्हणाला. उंदीर झालेही. पौर्णिमाने गाठोडी उचलून माळ्यावर टाकली. पावसाळा गेला, दुसरा हिवाळा गेला. अनुसयाबाई त्या हिवाळ्यात गेल्या. उज्वला मातीला आली होती, बायांच्या घोळक्यात मागे उभी राहून रडत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे पौर्णिमाला दिसत होतं. म्हातारीने तिला मुलीसारखं मानलं होतं. पौर्णिमा तिच्याजवळ गेली नाही.

उज्वला मनाने वाईट नव्हती, हेच पौर्णिमाला छळत राहिलं. वाईट असती तर तिला एकदाच तोडून टाकता आलं असतं. तिने मला फोटो दाखवला तो मला आनंद व्हावा म्हणून, हेही पौर्णिमा मानायची. आणि विहारात हात धरला तो मला बुडवायला, तेही मानायची. दोन्ही हात एकाच बाईचे. ओसरीत भाजी निवडताना ती शालूला एकदा म्हणाली, "तिनं मले वेगळं नेऊन सांगतलं असतं ना, का पौर्णिमा, मले एकटीले भेव वाटते, तू माह्यासोबत उभी राह्य, तं मी राह्यली असती वो. खरंच मी म्हणलं असतं, का मलेबी माहीत होतं."

शालूने मान वर केली. "मंग तुमी खोट्या झाल्या असत्या, आई."

"हाव," पौर्णिमा म्हणाली. "पण मले विचारून झाली असती."

बुद्धजयंतीला वस्तीत घरोघरी खीर होते. त्या वर्षी दुपारी दारात उज्वला येऊन उभी राहिली. केस बरेच पांढरे झालेले, हातात स्टीलचा डबा. कोणी आत ये म्हणेल याची वाट पाहावी तशी ती उंबऱ्याबाहेर थांबली.

"खीर आणली," ती म्हणाली. "तुले विलायची आवडते, जास्त टाकली."

पौर्णिमाने डबा घेतला. "बरं," म्हणाली.

उज्वला आणखी थोडी थांबली. मग बोळ ओलांडून गेली.

खीर सगळ्यांनी खाल्ली. पौर्णिमानेही खाल्ली, अन्नाशी तिचं वैर नव्हतं. संध्याकाळी तिने डबा घासला, पुसला आणि शालूच्या हातात दिला. त्यांच्या घरातून कोणाचं भांडं रिकामं परत गेलेलं शालूने पाहिलं नव्हतं. काही नसलं तर चिमूटभर साखर, दोन हिरव्या मिरच्या, पण काहीतरी त्यात जायचंच. सासू काय टाकायला सांगते ते ऐकायला ती उभी राहिली.

"काय टाकू, आई?"

"काई नोको," पौर्णिमा म्हणाली. "देऊन ये."

शालू डबा घेऊन बोळ ओलांडून गेली. पौर्णिमा कणीक मळायला बसली.